दोन वायरींपासून स्काडापर्यंत: कारखान्यातल्या डेटा कम्युनिकेशनची नव्यांसाठी ओळख

आयटीआय किंवा डिप्लोमा करून कुपवाड, मिरज नाहीतर साताऱ्याच्या एमआयडीसीत कामाला लागलेल्या पोरांना पॅनेल वायरिंग येतं. स्टार-डेल्टा डोळे झाकून जोडतात, कॉन्टॅक्टरची कॉइल जळाली तर वासावरून ओळखतात. अडतात ते एकाच ठिकाणी. साहेब म्हणतात, "त्या मीटरचं कम्युनिकेशन येत नाहीये, जरा बघ," आणि मॅन्युअल उघडलं की बॉड रेट, पॅरिटी, स्लेव्ह आयडी, होल्डिंग रजिस्टर, गेटवे असं सगळं एकदम अंगावर येतं.

हे शब्द यादी करून पाठ करण्यात अर्थ नाही. कामात ते ज्या क्रमाने भेटतात त्याच क्रमाने शिकायचे: आधी वायर, मग वेग, मग पत्ता, मग आकड्याचा अर्थ आणि नेटवर्क सगळ्यात शेवटी. बिघाड शोधतानाही हाच क्रम. खालची पायरी पक्की नसताना जो वरच्या पायरीवर सेटिंग बदलत बसतो, तो संध्याकाळपर्यंत तिथेच बसलेला दिसतो.

उदाहरणासाठी एक जागा धरू. तासगावच्या बाजूला बेदाण्याचं एक कोल्ड स्टोरेज आहे असं समजा. बारा चेंबर, प्रत्येकाला एक टेंपरेचर कंट्रोलर. कॉम्प्रेसर रूममध्ये दोन व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्ह. मेन पॅनेलमध्ये एक एनर्जी मीटर. एकूण पंधरा उपकरणं, आणि मालकांना सगळं ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर एका जागी बघायचंय.

पायरी १: कोण कोण आहे ते कागदावर काढा

सगळ्यात खाली सेन्सर आणि ट्रान्समीटर. त्यांचा सिग्नल बहुतेक वेळा ४ ते २० मिलिअँपिअरचा असतो. हे अजून 'डेटा' नाही, साधा करंट आहे. शून्याऐवजी ४ पासून सुरुवात का, तर वायर तुटली की करंट शून्यावर येतो आणि टाकी रिकामी आहे की वायर तुटलीय हे लगेच कळतं. लांबच लांब वायरीतही करंट तेवढाच राहतो, व्होल्टेज मात्र वाटेत पडतं. म्हणून ही पद्धत इतकी वर्षं टिकून आहे.

त्याच्या वर कंट्रोलर किंवा पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमप्रमाणे मशीन चालवणारा डबा. पॅनेलच्या दारावरची टच स्क्रीन म्हणजे एचएमआय. ऑफिसातला, सगळ्या प्लांटची चित्रं, ट्रेंड आणि अलार्म दाखवणारा कॉम्प्युटर म्हणजे स्काडा. एवढी ओळख तूर्तास पुरे. कागदावर चौकोन काढा, रेघा मारा आणि प्रत्येक रेघेवर एकच गोष्ट लिहा: इथे वायर कोणती आहे?

पायरी २: वायर

जुन्या वजनकाट्याच्या मागे नऊ पिनांचा कनेक्टर दिसतो, तो बहुधा आरएस-२३२. हे मानक १९६० सालचं. दोनच उपकरणं, अंतर साधारण १५ मीटर, आणि सिग्नल ग्राउंडच्या तुलनेत मोजला जातो. आवाज, म्हणजे इलेक्ट्रिकल नॉइज, फार असेल तर हे टिकत नाही.

कारखान्यात खरं राज्य आरएस-४८५ चं. मानक १९८३ चं, पण आजही नवा एनर्जी मीटर घेतला तर त्याच्या मागे ए आणि बी लिहिलेली दोन टर्मिनल बहुधा सापडतात. यात सिग्नल ग्राउंडशी न मोजता दोन वायरींमधल्या फरकाने मोजतात. बाहेरचा नॉइज दोन्ही वायरींवर सारखाच चढतो, फरक तसाच राहतो. याच कारणासाठी केबल पिळाची, म्हणजे ट्विस्टेड पेअर, लागते. साधी दोन कोअरची लाइटची वायर टाकून "चालतंय की" म्हणणारे भेटतील. कॉम्प्रेसर बंद असताना चालतंही.

अंतर १२०० मीटरपर्यंत, आणि मानकाच्या हिशेबाने एका लाइनवर ३२ उपकरणं. नवीन चिप लाइनवर कमी भार टाकतात, त्यामुळे त्यापेक्षा जास्तही बसतात. आपली पंधरा आरामात बसतील.

आता जोडणी. केबल एका कंट्रोलरवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी जायला हवी. याला डेझी चेन म्हणतात. मधल्या जंक्शन बॉक्समधून प्रत्येक चेंबरला वेगळा फाटा काढायचा मोह होतो, कारण वायरमनला ते सोपं जातं. पण लांब फाट्याच्या टोकावरून सिग्नल परत फिरतो आणि पुढच्या सिग्नलमध्ये मिसळतो. कमी वेगात हे खपून जातं, वेग वाढवला की उपकरणं मधूनच गळायला लागतात.

सिग्नल परत फिरू नये म्हणून लाइनच्या दोन्ही टोकांना, आणि फक्त टोकांनाच, १२० ओहमचा टर्मिनेशन रेझिस्टर लावतात. हे तपासायला लॅपटॉप नको, मल्टीमीटर पुरतो. सगळ्या उपकरणांची पॉवर बंद करा आणि लाइनवर कुठेही ए आणि बी यांच्यात ओहम मोजा. ६० च्या आसपास आले तर दोन्ही रेझिस्टर जागेवर आहेत. १२० आले तर एकच आहे, किंवा लाइन मध्ये तुटलीय. ४० आले तर कुणीतरी मध्येच तिसरा लावलाय. बऱ्याचदा तो एखाद्या उपकरणाच्या आतल्या छोट्या डिप स्विचने चालू झालेला असतो. काहीशे किंवा हजारात आकडा आला तर रेझिस्टर नाहीतच. मोजायला दोन मिनिटं लागतात, तरी हे मोजणारे कमीच.

ए-बी उलटे लागले तर? काही जळत नाही, फक्त उत्तर येत नाही. वेगवेगळ्या कंपन्या ए आणि बी ही नावं उलटसुलट वापरतात, त्यामुळे "मी ए ला ए जोडलंय" या खात्रीला फारसा अर्थ नाही. नव्या कंपनीचं उपकरण पहिल्यांदा जोडताना उत्तर आलं नाही तर आधी दोन वायरी अदलाबदल करून बघा आणि मगच सेटिंगला हात लावा.

केबलची शील्ड, म्हणजे वायरींवरची धातूची जाळी, एकाच टोकाला अर्थिंगला जोडा. व्हीएफडीपासून मोटरकडे जाणाऱ्या केबलच्या ट्रेमध्ये ही केबल टाकू नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. उपकरणांचे ग्राउंड एकमेकांपासून फार वेगळ्या व्होल्टेजवर असतील तर आरएस-४८५ लाही ते झेपत नाही, मर्यादा उणे ७ ते अधिक १२ व्होल्टची आहे. म्हणून ए-बी सोबत कॉमनची तिसरी वायर न्यावी. आणि एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत केबल जात असेल तर आयसोलेटेड कन्व्हर्टर, म्हणजे दोन्ही बाजूंची वीज एकमेकांपासून तोडून ठेवणारा, घ्या. एप्रिल-मेच्या वळवाच्या पावसात विजा कडाडल्या की दुसऱ्या दिवशी कम्युनिकेशन पोर्ट उडाल्याचे फोन का येतात, ते या भागात काम करणाऱ्या कुणालाही विचारा.

पायरी ३: वेग आणि चौकट

बॉड रेट म्हणजे सेकंदाला किती बिट. ९६०० आणि १९२०० हे नेहमीचे. लाइनवरच्या प्रत्येक उपकरणाचा बॉड रेट एकच हवा, एकाचा जरी वेगळा असला तरी ते उत्तर देणार नाही.

प्रत्येक अक्षर, म्हणजे बाइट, पाठवताना आधी स्टार्ट बिट, मग आठ डेटा बिट, मग हवी असल्यास पॅरिटी, शेवटी स्टॉप बिट. पॅरिटी म्हणजे चूक पकडण्यासाठीचा एक जादा बिट: ऑड, इव्हन किंवा नन. मॅन्युअलमध्ये '८-एन-१' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. मॉडबस (उपकरणांची बोली, पुढच्या पायरीत येईल) याचं मानक १९२०० आणि इव्हन पॅरिटी हे डिफॉल्ट धरतं, पण बाजारातली निम्मी उपकरणं ९६०० आणि ८-एन-१ वर येतात असा माझा अंदाज. डिफॉल्टवर विसंबू नका, प्रत्येक उपकरणाच्या मेनूत जाऊन डोळ्यांनी बघा. काही कंट्रोलरमध्ये सेटिंग बदलल्यावर पॉवर बंद-चालू केल्याशिवाय ती लागू होत नाही.

पायरी ४: पत्ता आणि पाळी

वायर आणि वेग ठीक असला तरी कुणी कधी बोलायचं हे ठरलेलं हवं. त्या नियमावलीला प्रोटोकॉल म्हणतात. आरएस-४८५ म्हणजे वायरवरची वीज, मॉडबस म्हणजे त्यावरची बोली. नवी मंडळी या दोन्हींत सर्रास गल्लत करतात. मॉडबस १९७९ मध्ये मॉडिकॉन कंपनीने आपल्या पीएलसीसाठी काढला, आज तो कुणीही वापरू शकतं.

यात एक मास्टर आणि बाकी स्लेव्ह. २०२० पासून मॉडबसच्या संस्थेने क्लायंट आणि सर्व्हर ही नावं घेतली आहेत, पण पॅनेलवर अजून मास्टर-स्लेव्हच चालतं. बेदाण्याच्या सौद्यासारखी इथे कुणीही बोली लावायची नसते: मास्टर एकाचा नंबर घेऊन विचारतो, तो एकटाच उत्तर देतो, बाकी गप्प. हा नंबर म्हणजे स्लेव्ह आयडी, १ ते २४७ पैकी कुठलाही. दोघांना एकच आयडी दिला तर दोघं एकदम बोलतात आणि कुणाचंच कळत नाही. नवा कंट्रोलर बहुधा आयडी १ घेऊनच खोक्यातून बाहेर येतो, तेव्हा बदलून आणलेला कंट्रोलर थेट लाइनवर टाकलात तर आधीच्या १ नंबरवाल्याचंही कम्युनिकेशन जातं. आयडी आधी बदला, मग लाइनवर घ्या.

मास्टर एकेकाला पाळीपाळीने विचारत फिरतो त्याला पोलिंग म्हणतात. याचा हिशेब एकदा तरी करून बघा. दहा रजिस्टर, म्हणजे उपकरणातले आकड्यांचे दहा खण, वाचायची तर प्रश्न ८ बाइटचा, उत्तर २५ बाइटचं, एकूण ३३. प्रत्येक बाइटला पॅरिटी धरून ११ बिट, म्हणजे ३६३ बिट. ९६०० ने भागले तर साधारण ३८ मिलिसेकंद. त्यात मधली शांतता आणि उपकरणाचा उत्तर द्यायला लागणारा वेळ मिळवून एकेकाला १०० मिलिसेकंद धरा. पंधरा उपकरणांची एक फेरी दीड सेकंदात होते.

आता तीन नंबरचा कंट्रोलर बंद पडला. मास्टर त्याला विचारून एक सेकंद वाट बघतो, हा टाइमआउट. उत्तर नाही म्हणून आणखी दोनदा विचारतो, हे रिट्राय. तीन सेकंद गेले, आणि फेरी दीडवरून साडेचारच्या घरात पोचली. मालक सांगतात, "सगळंच स्लो झालंय," आणि कॉम्प्युटरला दोष देतात. बंद उपकरण शोधा, बाकी आपोआप सुधारतं.

पायरी ५: आकड्याचा अर्थ

ही पायरी सगळ्यांत जास्त वेळ खाते. उत्तर येतंय, हिरवा दिवा लुकलुकतोय, पण स्क्रीनवरचा आकडा भलताच.

मॉडबसमध्ये माहिती चार प्रकारच्या खणांत असते. चालू-बंद लिहिता येणारे ते कॉइल, फक्त वाचता येणारे डिस्क्रीट इनपुट. सोळा बिटांचे, फक्त वाचायचे ते इनपुट रजिस्टर, आणि वाचता-लिहिता येणारे होल्डिंग रजिस्टर. कोणता खण वाचायचा हे फंक्शन कोड सांगतो: कॉइलला ०१, डिस्क्रीट इनपुटला ०२, होल्डिंगला ०३, इनपुटला ०४. एक रजिस्टर लिहायला ०६, अनेक लिहायला १६. मीटरचं मॅन्युअल ०४ म्हणत असेल आणि तुम्ही ०३ ने विचारत असाल तर मीटर एरर कोड देईल, किंवा काही मीटर दोन्हीला सारखंच उत्तर देतील आणि तुमची सवय बिघडवतील.

रजिस्टरच्या नंबरातही एक खोच आहे. मॅन्युअलमध्ये ४०००१ लिहिलेलं असतं. त्यातला पहिला ४ म्हणजे होल्डिंग रजिस्टर, आणि उरलेला १ हा पहिला खण. पण वायरवर मोजणी शून्यापासून होते. आयडी १ च्या उपकरणाकडून ४०००१ पासून दोन रजिस्टर मागणारा प्रश्न असा जातो: ०१ ०३ ०० ०० ०० ०२, आणि मागे चूक पकडायचे सीआरसीचे दोन बाइट. आयडी, फंक्शन, सुरुवात शून्य, संख्या दोन. काही सॉफ्टवेअर ही एकची वजाबाकी स्वतः करतात, काही तुमच्यावर सोडतात. व्होल्टेजच्या जागी शेजारच्या रजिस्टरचा आकडा दिसत असेल तर आधी पत्ता एकने मागे-पुढे करून बघा.

आता दोन आकडे जरा जवळून. कंट्रोलर दशांश पाठवत नाही, ४.५ अंश असेल तर ४५ पाठवतो, दहाने भागायचं काम तुमचं. इव्हॅपोरेटरचं तापमान उणे २ झालं की तो उणे २० पाठवतो. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ते रजिस्टर 'अनसाइन्ड' (उणे आकडा न मानणारं) ठेवलं असेल तर उणे २० हे ६५५१६ म्हणून वाचलं जातं, आणि दहाने भागून स्क्रीनवर ६५५१.६ अंश येतात. सेन्सर ठणठणीत आहे. डेटा टाइप 'साइन्ड' करा.

दुसरा एनर्जी मीटरचा. तिथे व्होल्टेज बहुधा ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये (दशांश आकडा साठवायची पद्धत) असतं, म्हणजे दोन रजिस्टर मिळून एक आकडा. २३०.० व्होल्ट हे हेक्समध्ये (सोळाच्या मोजणीत) पहिल्या रजिस्टरात ४३६६ आणि दुसऱ्यात ०००० असं बसतं. एकच रजिस्टर साधा पूर्णांक म्हणून वाचलंत तर १७२५४ दिसेल. दोन्ही वाचलीत पण उलट्या क्रमाने जोडलीत तर जवळपास शून्य दिसेल. याला वर्ड ऑर्डर किंवा वर्ड स्वॅप म्हणतात. कुठली कंपनी कुठला क्रम ठेवेल याचा नेम नाही. १७ हजारांच्या आसपासचा आकडा दिसला आणि व्होल्टेज थोडं हललं तरी तो जेमतेम हलतोय असं वाटलं, की तो फ्लोटचा वरचा अर्धा भाग आहे हे ओळखायला शिका.

उपकरण चुकीच्या प्रश्नालाही उत्तर देतं. एरर कोड ०१ म्हणजे हे फंक्शन मला येत नाही, ०२ म्हणजे असा पत्ता माझ्याकडे नाही. असा कोड आला तर खरं म्हणजे आनंद माना, कारण वायर, वेग आणि आयडी तिन्ही बरोबर असल्याचा तो पुरावा आहे.

पायरी ६: इथरनेट

ऑफिस दूर आहे किंवा उपकरणं पसरलेली आहेत म्हणून इथरनेट येतं. तांब्याच्या केबलला १०० मीटरची मर्यादा, त्यापुढे फायबर. स्विच म्हणजे या केबली एकत्र आणणारा डबा. कारखान्यात डीआयएन रेलवर बसणारा, २४ व्होल्टवर चालणारा घ्या. घरगुती डबा उन्हाळ्यात पॅनेलमध्ये किती दिवस तग धरेल ते सांगता येत नाही.

प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता. १९२.१६८.१.१० असा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० असा सबनेट मास्क असेल तर पहिले तीन आकडे नेटवर्कचे आणि शेवटचा त्या उपकरणाचा. तुमचा लॅपटॉप १९२.१६८.०.२५ वर असेल तर केबल जोडूनही पीएलसी दिसणार नाही; तिसरा आकडा जुळत नाही. लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला पत्ता देणारं कुणी सापडलेलंच नाही, हाताने द्या. आणि दोघांना एकच आयपी दिला तर उपकरण कधी दिसतं, कधी गायब होतं; असला बिघाड माणसाला वेड लावतो.

पिंग करून, म्हणजे त्या पत्त्याला लॅपटॉपवरून हाक मारून, बघणं ही पहिली तपासणी. पिंगला उत्तर आलं म्हणजे रस्ता ठीक आहे, एवढंच. मॉडबस टीसीपी, म्हणजे इथरनेटवरचा मॉडबस, ५०२ नंबरच्या पोर्टवर बोलतो. तो फायरवॉलने अडवला असेल किंवा उपकरणाच्या एकावेळच्या जोडण्या संपल्या असतील तर पिंग येऊनही डेटा येणार नाही.

आपल्या कोल्ड स्टोरेजमध्ये कंट्रोलर आरएस-४८५ वर आणि कॉम्प्युटर इथरनेटवर, मग मध्ये गेटवे लागतो. तो एका बाजूला मॉडबस टीसीपी बोलतो, दुसऱ्या बाजूला मॉडबस आरटीयू, म्हणजे आरएस-४८५ वरचा मॉडबस. कॉम्प्युटर आयपी गेटवेचा देतो आणि 'युनिट आयडी'च्या जागी कंट्रोलरचा स्लेव्ह आयडी. लॅपटॉपच्या सेटिंगमधला 'डिफॉल्ट गेटवे' वेगळा: तो नेटवर्कबाहेर जायचा रस्ता आहे, त्याचा या डब्याशी संबंध नाही. तसंच आरटीयूचंही. मॉडबसमधला आरटीयू हा संदेशाचा प्रकार आहे, आणि लांबच्या पंपहाउसवर बसवलेला आरटीयू हे माहिती पाठवणारं यंत्र असतं.

बाकीची नावं

साखर कारखान्यात गेलात तर ४ ते २० मिलिअँपिअरच्याच वायरीवर हार्ट भेटेल. करंटवर १२०० आणि २२०० हर्ट्झचे सूर चढवून ट्रान्समीटरशी बोलायची ती सोय. जांभळी केबल आणि नऊ पिनांचा कनेक्टर दिसला तर बहुधा प्रोफिबस, त्याचं टर्मिनेशन कनेक्टरवरच्या स्विचमध्ये असतं. हिरवी इथरनेट केबल असेल तर बहुधा प्रोफिनेट. वेगवेगळ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये देवाणघेवाण करायला ओपीसी यूए, आणि क्लाउडवर थोडी थोडी माहिती पाठवायला एमक्यूटीटी. ही नावं ऐकून घाबरू नका. प्रत्येकासमोर तेच प्रश्न विचारा: वायर कोणती, वेग किती, पत्ता कुठे ठरतो, आकडा कसा वाचायचा. एक मात्र पाळा: गळीत हंगाम चालू असताना चालत्या नेटवर्कवर प्रयोग नको, ते ऑफ सीझनला.

काम सोपवण्याआधी

मॉडबसला पासवर्ड नसतो. जो लाइनवर आला तो वाचू शकतो आणि लिहूही शकतो. मालकांना मोबाइलवर तापमान बघायचंय म्हणून राउटरमध्ये ५०२ पोर्ट इंटरनेटला उघडून देऊ नका, व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारा बंदिस्त, सुरक्षित रस्ता) लावा. ऑफिसचं वायफाय आणि प्लांटचं नेटवर्क वेगळं ठेवा.

मग एक तक्ता बनवा: उपकरण, जागा, स्लेव्ह आयडी किंवा आयपी, बॉड रेट, पॅरिटी, वापरलेली रजिस्टर, त्यांचा डेटा टाइप आणि भागाकार. टर्मिनेशन कुठल्या दोन उपकरणांवर आहे तेही लिहा. एक प्रत पॅनेलच्या दाराच्या आत प्लॅस्टिकच्या पाकिटात. पीएलसी, एचएमआय आणि गेटवेचा बॅकअप घ्या, पण तो त्याच ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ठेवून मोकळे होऊ नका. २०१९ च्या ऑगस्टचा महापूर ज्यांनी सांगलीत पाहिलाय, त्यांना तळमजल्यावरच्या कॉम्प्युटरचा भरवसा किती ते सांगायला नको. एक प्रत पेनड्राइव्हवर मालकांच्या घरी, एक तुमच्याकडे, आणि दोन्हींवर तारीख टाकलेली.